ताटावरचा करार

"हात कुठं धुवू?"

कोणाच्याही घरी पाऊल ठेवलं की सर आधी हे विचारायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. घरातला माणूस खुर्ची पुसत असायचा, बाई पाण्याचा पेला शोधत असायची, आणि हे दारातच बाह्या वर सारून उभे. हात धुवायचे म्हणजे जेवायचं, आणि जेवायचं म्हणजे त्या घरातली मुलगी किंवा मुलगा आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात आला, असा त्याचा अर्थ होता. नरखेड तालुक्यातल्या बऱ्याच गावांत हा अर्थ लोकांना पाठ होता. सर नुसता चहा घेऊन निघाले तर त्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वाटायचं.

आमच्या कॉलेजात ते शारीरिक शिक्षण संचालक होते. हे लांबलचक नाव फक्त पगारपत्रकात. बाकी सगळे त्यांना ग्राउंडवाले सर म्हणायचे. तुमच्याही कॉलेजात असा एखादा माणूस असेल. गळ्यात शिट्टी, पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट, आणि स्टाफरूममध्ये आला की कुठल्या खुर्चीवर बसावं ते न कळल्यामुळे खिडकीपाशी उभा राहणारा. ग्राउंडवर मात्र त्यांचा आवाज नंदनवनच्या चौकापर्यंत जायचा.

मी त्याच कॉलेजात वाणिज्य शिकवते. त्यातही करार कायदा. प्रस्ताव काय, स्वीकृती काय, मोबदला काय, हे दरवर्षी नव्या पोरांच्या डोक्यात घालायचं. सर मला चिडवायचे, "मॅडम, तुमच्या त्या पुस्तकात जेवणाचा चॅप्टर नाही काय?" मी म्हणायचे, नाही, आणि येणारही नाही.

खेळाडू आणणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. कॉलेजांना चषक लागतात. चषक मिळाला की चौकात फ्लेक्स लागतो, फ्लेक्स लागला की प्रवेश वाढतात. मग गावोगाव चांगले खेळाडू हेरायचे आणि त्यांना आणायचं. फी माफ, राहायला खोली, खाण्यापिण्याला महिन्याचं डायट, आणि वर थोडा हातखर्च. याला कोणी पगार म्हणत नाही. प्रोत्साहन म्हणतात. आणि हे सगळं तोंडी. आमच्या संस्थेचे जुने अध्यक्ष होते तोवर ते सरांना एवढंच म्हणायचे, "तुम्ही शब्द द्या, मी आहे." सर गावात जाऊन जेवून यायचे. एकाही मुलाचं डायट कधी बुडलं नाही.

सर आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते शिट्टी पुसायला घ्यायचे. शहराच्या महाल भागात त्यांचं जुनं घर होतं, भोसल्यांच्या काळात आलेलं घराणं, पण तिथं भावाचा संसार. यांच्या वाट्याला सणावारी जाणं तेवढं उरलेलं. त्यांनी खोली घेतली तेव्हा मी रीतसर भाडेकरार केला, अकरा महिन्यांचा. माझे आजोबा दीक्षाभूमीवर धम्म घेतलेल्या माणसांपैकी. काय ठरेल ते लिहून घ्यायचं, हे वळण त्यांनी घराला लावलं. तोंडी आश्वासनांवर आमच्या किती पिढ्या वाट बघत बसल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे आमच्याकडे दुधवाल्याशीसुद्धा लिखापढी असते.

सरांनी न वाचताच सही केली.

"वाचा तरी सर."

"तुम्ही लिहिलं ना? मग मी काय वाचू?"

मला राग आला होता, खरं सांगते. शिकलेला माणूस असा कसा वागू शकतो? मग मीच मोठ्याने त्यांना सगळा करार वाचून दाखवला. ते खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघत होते.

इतकी वर्षं ते आमच्या डोक्यावर राहिले, पण आमच्याकडे कधी जेवले नाहीत. मी सणाला बोलवायचे, सासूबाई बोलवायच्या. हात जोडून म्हणायचे, "आपलं तर कागदावर हाय मॅडम. जेवायची काय गरज?" ते विनोदाने म्हणतात असं मला तेव्हा वाटायचं. खानावळीचा डबा यायचा तो संध्याकाळी दाराच्या कडीला अडकवलेला असायचा, अर्धा तसाच. जाता-येता तो डबा दिसला की मला उगाच टोचायचं.

हाच माणूस परक्या घरात कसा जेवतो, ते मी एकदाच पाहिलं. मुलीच्या घरी जायचं असलं की सोबत एखाद्या मॅडमनी असावं, असा कॉलेजचा दंडक. त्या वर्षी माझ्यावर पाळी आली. नरखेडच्या एसटीने निघालो. वाटेत सर मला त्या मुलीची चढाई सांगत होते. हात असा, पाय असा, समोरच्या सीटवरच्या म्हातारबुवांना दोनदा कोपर लागलं. मुलीचं नाव सुजाता. वडील संत्र्याच्या बागांमधल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. घर बौद्धवाड्यात, गावाच्या टोकाला.

गावातून चालत जाताना ओट्यांवरची माणसं आमच्याकडे बघत होती. कोण कुठल्या घराकडे चाललंय, याची खबर ठेवणारे डोळे अजून गावांत असतात. महालातल्या घराण्याचा हा माणूस सुजाताच्या दारात उभा राहिला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "माय, हात कुठं धुवू?" बाजूच्या चार घरांना ऐकू गेलं असेल. त्या क्षणी मला सरांबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर ते शिट्टी पुसत बसले असते.

खाली बसले, मांडी घातली, आणि जेवायला लागले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा. खानावळीच्या दोन पोळ्या न संपवणारा माणूस भाकरीमागून भाकरी चुरत होता. मध्येच सुजाताला ओरडत होता, "तू काहून उभी हायेस वं? जेव ना. जेवशीन नाही तर मॅटवर उडून जाशीन." सुजाताची आई तोंडाला पदर लावून हसत होती. सरांचा चेहरा मी इतका मोकळा कधीच पाहिला नव्हता. त्या घरातलेच कोणी आहेत असं वाटावं, असे ते बसले होते.

जेवण आटोपत आल्यावर सुजाताच्या वडिलांनी घसा साफ केला.

"सर, ते रूमचं अन् डायटचं... अन् पोट्टीले काही लागलं-बिगलं तर दवाखान्याचं... कुठं लिहून-गिहून भेटन काय?"

सरांचा घास हातात राहिला. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं.

"दादा, जेवलो ना मी तुमच्या घरी."

"हो हो," वडील घाईघाईने म्हणाले, "तसं नाही. मी सहजच विचारलं बाप्पा." आणि बायकोला म्हणाले, "सरांले रस्सा वाढ ना."

वर्गात करार शिकवणाऱ्या मला त्या दिवशी एक गोष्ट दिसली, ती पुस्तकात नव्हती. जेवणारा शब्द देतो हे खरं. पण वाढणाऱ्याचं तोंड तिथंच बंद होतं. ताटावर बसलेल्या पाहुण्याकडे कागद कसा मागायचा? परत येताना एसटीत मी हे सरांना बोलले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भल्लाच जास्त विचार करता." आणि काटोल येईपर्यंत झोपल्याचं सोंग केलं.

सुजाता आली आणि आमचा संघ एकदम बदलला. ती चढाईला गेली की समोरच्या मुली आपोआप मागे सरकायच्या. दोन वर्षं ओळीने आंतरमहाविद्यालयीन चषक आमच्याकडे. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर सुजाता मधोमध, आणि तिच्यापेक्षा मोठा संस्थेच्या नव्या सचिवांचा फोटो. जुने अध्यक्ष वारले होते. हे त्यांचे चिरंजीव. बाहेरून व्यवस्थापन शिकून आलेले, बोलायला गोड. सरांच्या शब्दाचं काय करायचं, ते त्यांच्या अभ्यासक्रमात नसावं.

तिसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात सुजाताचा गुडघा गेला. पकडीतून सुटताना पाय मॅटवर राहिला आणि अंग वळलं. मी प्रेक्षकांत होते. ती ओरडली नाही, नुसती मध्यरेषेकडे हात लांब करून पडून राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट तुटलंय, शस्त्रक्रिया करावी लागेल, पुढचं वर्षभर खेळ नाही.

सर दुसऱ्या दिवशी सचिवांकडे गेले. मीही गेले, कारण सरांना ऑफिसात बोलता येत नाही हे मला ठाऊक होतं. सचिवांनी चहा मागवला आणि म्हणाले, "सर, मला पूर्ण सहानुभूती आहे. पण दवाखान्याचा खर्च संस्थेने करायचा, असं कुठं लिहिलंय?" सर म्हणाले, मी शब्द दिला आहे. सचिव म्हणाले, "तो तुम्ही दिला आहे. संस्थेने नाही." पुढं त्यांनी आणखी एक सांगितलं. खोली खेळाडूंसाठी असते, ती आता खेळत नाही, तर महिनाअखेर खोली मोकळी करावी.

सरांनी चहा घेतला नाही. बाहेर येऊन ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

शब्द जाणं म्हणजे काय, हे तुम्ही-आम्ही बोलण्यापुरतं म्हणतो. या माणसाजवळ दुसरं काही नव्हतंच. बायको नाही, पोर नाही, घर भावाचं. गावोगाव ज्या घरांत तो जेवला होता, तेवढीच त्याची कमाई. आता त्यातल्या एका घरात तो खोटा ठरणार होता, आणि ही गोष्ट पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुकाभर झाली असती.

सुजाताचे वडील दवाखान्यात आले. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काय झालं ते त्यांनी मला संध्याकाळी जिन्यात सांगितलं.

"मॅडम, मले वाटलं ते शिव्या देईन. दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग काय म्हणाले?"

"मले विचारलं, जेवले काय सर?"

एवढं बोलून ते वर गेले. थोड्या वेळाने परत खाली आले. आमच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, तो तुमचा भाडेकरार हाय ना, तसा मले लिहून द्या. खेळाडूंचा."

पुढचा आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर करार चालला होता. मी लिहीत होते, सर उभ्या-उभ्या सांगत होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. कॉलेजने फी, खोली, डायट आणि हातखर्च द्यायचा, तो महिन्याच्या ठरल्या तारखेला द्यायचा. खेळताना दुखापत झाली तर उपचार कॉलेजने करायचे. खेळता आलं नाही तरी पदवी होईपर्यंत खोली काढून घ्यायची नाही. खेळाडूने पदवीपर्यंत दुसऱ्या कॉलेजकडून खेळायचं नाही. एवढं झाल्यावर त्यांना एकेक सुचायला लागलं. "आजी वारली तर सुट्टी, हे लिहा." मी म्हटलं, सर, आजीचं कलम नाही घालता येत. "काहून? पोट्ट्यांच्या आज्याच तर मरते नेमक्या टुर्नामेंटमध्ये." शेवटी आम्ही 'कौटुंबिक कारण' असं घातलं. संत्र्याच्या तोडणीला घरी जायची मुभा, हे मात्र त्यांनी स्वतंत्र घालायला लावलं.

स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. गुरू-शिष्याच्या नात्यात स्टॅम्पपेपर आणला म्हणून आमचे मराठीचे प्राध्यापक हळहळले. सचिव म्हणाले, "खेळाडूंशी करार केला तर ते नोकर झाले. मग ते विद्यार्थी कसले?" सर ऑफिसात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. ग्राउंडवरचा आवाज होता तो.

"साहेब, पोट्टी सूर्य उगवायच्या आधी ग्राउंडवर, दुपारी क्लासात, संध्याकाळी पुन्हा ग्राउंडवर. गुडघा तिचा तुटला, फ्लेक्स तुमचा लागला. याले काम नाही म्हणत तर काय म्हणते? विद्यार्थी हाय म्हणूनच तर लिहून द्या. नोकराले कामगार न्यायालय तरी असते."

सचिवांनी विचार करतो म्हटलं. विचार लांबत गेला. मग सरांनी त्यांच्या हातात असलेली एकच गोष्ट केली. विद्यापीठाच्या स्पर्धांची प्रवेशिका शारीरिक शिक्षण संचालकाच्या सहीशिवाय जात नाही. त्यांनी सही करायची थांबवली. पहिला करार सुजाताचा होईल, मागच्या तारखेपासून, त्यानंतर सही. मुदत संपत आली. त्यात शहराच्या सदर भागातल्या एका कॉलेजची माणसं आमच्या मुलींना फोन करू लागली होती. शेवटच्या दिवशी दुपारी सचिवांनी करार मान्य केला.

सह्यांचा कार्यक्रम वाचनालयात झाला, सगळ्या खेळाडूंचे पालक बोलावले होते. सुजाताचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी करार हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. सगळा वाचला. पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. सचिव मोबाइल बघत होते. सर भिंतीला टेकून उभे होते. सही झाल्यावर वडिलांनी सरांना हात जोडले आणि म्हणाले, "चला सर, गाडीची वेळ झाली." सरांनी कँटीनमध्ये सगळ्या पालकांसाठी जेवण सांगितलं होतं. त्यातले दोघे-तिघेच थांबले. बाकीच्यांना गाड्या होत्या.

सुजाताची शस्त्रक्रिया झाली, खोली राहिली, ती बी.कॉम. झाली. पुन्हा चढाईला कधी गेली नाही. आता सदरमध्ये एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते, शनिवारी गावी जाते. जिने चढताना अजून कठड्याला धरते. पण नीट आहे.

करारांनी वाईट काही झालं नाही, हे मी ठामपणे सांगते. मुलांना पैसे तारखेला मिळू लागले. आई-बाप उलटून प्रश्न विचारू लागले, ते तर मला फारच आवडलं. पण पुढच्या हंगामात सर नेहमीप्रमाणे गावांकडे निघाले. त्यातल्या एका घरच्या मुलाचा करार कॉलेजात आधीच झाला होता. सर दारात उभे राहिले. घरातली माणसं गडबडली. त्यांनी खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला, बशीत बिस्किटं दिली. मुलाच्या बापाने काळजीने विचारलं, "काही राहिलं काय सर? सही-बिही?"

"काही नाही राहिलं," सर म्हणाले, "असाच आलो." चहा पिऊन परत निघाले.

मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "चहा चांगला होता." त्यानंतर ते गावांना गेले नाहीत. जायचं कारणच उरलं नव्हतं. मोबाइलवर करार जायचा, मोबाइलवर परत यायचा. ज्या माणसाने हट्टाने तो कागद आणला, त्याचंच ताट त्या कागदाने उचललं. आणि त्याबद्दल ते एका शब्दानेही कुरकुरले नाहीत. मुलांचं भलं झालं, एवढंच म्हणायचे.

मग ते निवृत्त झाले. निरोपाला शाल-श्रीफळ, भाषणं. नंतर दिवसभर वरून आवाज यायचा तो फक्त पंख्याचा. कडीला अडकवलेला डबा आता अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला असायचा. वजन घटलं. मी रागावायचे, सासूबाई रागावायच्या. "भूक नाही लागत," म्हणायचे. खाली या, आमच्यात बसा, म्हटलं की हात जोडायचे.

एक दिवस सुजाताचा मला फोन आला. "मॅडम, मी सरांले कितीदा गावी जेवाले बोलावलं. दरवेळी टाळते. आता रविवारी येतो म्हणाले. तुम्ही त्यांले गाडीत बसवून द्यान काय?" मी रविवारी माझ्या स्कूटरवर त्यांना गणेशपेठच्या स्टँडवर सोडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा डबा. खूश दिसत होते. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

दुपारी सुजाताचा फोन. "सर नाही आले मॅडम. माय भाकरी झाकून बसली हाय."

मी घाबरून वर गेले. ते खोलीतच होते. बर्फीचा डबा तसाच.

"गाडी चुकली का?"

"नाही. बसून पाहत होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या."

"मग बसला का नाहीत?"

ते शिट्टी पुसायला लागले. "मॅडम, कोणाच्या घरी जेवाले बसलो की माह्याजवळ काही तरी असायचं. तुमच्या पोरीची फी लागणार नाही, रूम देतो, डायट देतो. आता त्या माउलीच्या ताटावर बसून मी सांगू काय?"

शब्दाची गरज संपली की आपलीही संपली, असं या माणसाने मनाशी कधी धरलं, ते मला कळलंच नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मी खाली येऊन सुजाताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांबा मॅडम. मायले सांगते."

पुढच्या रविवारी कंडक्टरचा फोन आला, नरखेडच्या गाडीत डबा आहे, घेऊन जा. आमच्याकडे गावाकडून शहरात शिकणाऱ्या पोरांना असेच डबे येतात, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. मी तो आणला आणि सरांसमोर ठेवला. त्यांनी झाकण उघडलं. वांग्याच्या भाजीचा वास खोलीभर झाला.

"आता यांले मी काय देऊ?" त्यांनी विचारलं. अगदी खरंच विचारत होते.

"काही नाही. डबा घासून परत द्या," मी म्हटलं. "त्यांचा हाय तो."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. आत ते जेवत होते. एकटेच होते, पण जेवत होते. मग नळाचा आवाज सुरू झाला आणि खूप वेळ चालू राहिला. सोमवारच्या गाडीने डबा परत गेला, स्टीलचा, आरशासारखा.

तेव्हापासून रविवारचा डबा कधी चुकला नाही. सर सकाळपासून गॅलरीत उभे असायचे. मला उशीर झाला तर वरून शिट्टी वाजवायचे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे ते गेले. झोपेतच. महालातून भाऊ आला, पुतणे आले. मी सुजाताला फोन लावला. ऐकून ती म्हणाली, "मॅडम, माय आताच डबा देऊन आली वं गाडीत."

त्यांना घाटावर नेल्यावर घर रिकामं झालं. मी स्कूटर काढली आणि स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. कंडक्टरने सीटखालून डबा काढला, फडक्यात बांधलेला.

"आज जड हाय मॅडम," तो म्हणाला. "माय म्हणे, पुरणपोळी हाय. सरांले सांगा, गरम हाय तोवर खा."

"सांगते," मी म्हणाले, आणि डबा दोन्ही हातांनी घेतला.